मायकेल जॅक्सनचा डॉक्टर दोषी ठरला, मग ‘अपात्र’ का ठरला नाही?

मायकेल जॅक्सनच्या मृत्यूनंतर अमेरिकेत चाललेल्या खटल्यांवर गेल्या अंकात एक टिपण छापले होते. त्याचा डॉक्टर कॉनरॅड मरे याच्या देखरेखीखाली घरीच शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाने जॅक्सन २५ जून २००९ ला गेला. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याला नाचताना पाहिलेल्यांचा राग अजून निवळलेला नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसते. नुसत्याच शिव्या असलेली पत्रे बाजूला ठेवून प्रश्न असलेली निवडली. उत्तरे एक वकील आणि एक भूलतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न (ठाणे): डॉ. कॉनरॅड मरे २०११ मध्ये दोषी ठरला, तुरुंगात गेला. दोन वर्षांनी त्याच शहरातली दुसरी ज्युरी म्हणते की तो ‘अपात्र किंवा अक्षम’ नव्हता. दोन्ही खरे कसे असेल? जॅक्सनचे कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीने ज्युरी विकत घेतली असेच आम्हा चाहत्यांना वाटते.

उत्तर: ज्युरी विकली गेल्याचा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. गुंता आहे तो ज्युरीला विचारलेल्या प्रश्नात.

२०११ चा खटला सरकारने मरेवर भरलेला होता. आरोप हेतूविना मनुष्यवधाचा, आणि ज्युरीपुढे मुद्दा एवढाच : २५ जून २००९ च्या सकाळी या डॉक्टरने जे केले ते इतके बेदरकार होते का, की त्यातून माणूस मेला? बाराही जणांचे एकमत लागते आणि वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. ७ नोव्हेंबर २०११ ला एकमताने ‘दोषी’ असा निकाल आला. कोर्टाबाहेर जमलेल्या चाहत्यांनी जल्लोष केला. २९ नोव्हेंबरला न्यायाधीश मायकेल पास्टर यांनी चार वर्षांची, म्हणजे त्या कलमातली कमाल शिक्षा दिली.

दुसरा खटला दिवाणी. जॅक्सनची आई कॅथरीन आणि त्याची तीन मुले वादी, तर लंडनच्या ओ-टू अरेनातले ५० कार्यक्रम भरवणारी एईजी लाइव्ह ही कंपनी प्रतिवादी. डॉक्टर मरे इथे प्रतिवादी नव्हताच, हे बरेच चाहते विसरतात. शिवाय खटला उभा राहण्याआधीच न्यायाधीश यव्हेट पालाझुएलोस यांनी इतर मुद्दे वगळले आणि एकच ठेवला : कंपनीने डॉक्टर नेमताना, ठेवताना आणि त्याच्यावर देखरेख करताना निष्काळजीपणा केला का?

त्यासाठी ज्युरीला क्रमाने उत्तरे द्यायची प्रश्नावली मिळाली. पहिला प्रश्न : एईजीने मरेला नेमले होते का? उत्तर ‘हो’. चाहत्यांची बाजू इथे जिंकली होती. दुसरा प्रश्न : ज्या कामासाठी त्याला नेमले, त्या कामासाठी तो अपात्र किंवा अक्षम होता का? उत्तर ‘नाही’. प्रश्नावलीच्या नियमाप्रमाणे इथे ‘नाही’ आले की पुढचे प्रश्न वाचायचेच नसतात. कंपनीला धोका माहीत होता का, भरपाई किती, इथपर्यंत ज्युरी पोहोचलीच नाही. २ ऑक्टोबर २०१३ ला सुमारे पाच महिन्यांची सुनावणी अशी दुसऱ्याच पायरीवर संपली. दिवाणीत कॅलिफोर्नियात १२ पैकी ९ जण पुरतात.

सगळी मेख ‘ज्या कामासाठी नेमले’ या शब्दांत आहे. मरे हृदयरोगतज्ज्ञ, परवानाधारक. त्याला नेमले होते दौऱ्यावरचा सर्वसाधारण डॉक्टर म्हणून. सर्दीपडसे, रक्तदाब, पाण्याची कमतरता या कामासाठी त्याची पदवी पुरेशी होती. घरात शिरेतून भूल देणे हे नेमणुकीतले काम नव्हते. ज्युरीच्या प्रमुखाने नंतर हेही सांगितले की आमच्या उत्तराचा अर्थ डॉक्टर नीतीने वागला असा घेऊ नका.

आमचे मत विचाराल तर प्रश्नाची शब्दरचना फार अरुंद होती. नेमताना पात्र असलेला माणूस नोकरीत असताना अपात्र ठरू शकतो, आणि देखरेखीचा मुद्दा तोच होता. कुटुंबाच्या वकिलांनी याच कारणासाठी नव्याने सुनावणी मागितली. ती नाकारली गेली आणि २०१५ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. रागवायचेच असेल तर या कागदावर रागवा. समोर ठेवलेल्या प्रश्नाला ज्युरीने दिलेले उत्तर चुकीचे म्हणता येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): ‘डॉक्टरचा पगार आम्ही देतो’ अशा अर्थाचा ई-मेल कंपनीच्याच माणसाने लिहिला होता ना? मग आणखी काय हवे होते?

उत्तर: हो, १४ जून २००९ चा. कंपनीचे पॉल गाँगवेअर यांनी दिग्दर्शक केनी ऑर्टेगा यांना लिहिला होता. डॉक्टरचा पगार जॅक्सन नव्हे, एईजी देते आणि त्याच्याकडून काय अपेक्षा आहे याची आठवण करून द्यायला हवी, असा मजकूर. महिना १,५०,००० डॉलर ठरले होते. करारावर मरेने सही केली २४ जूनला, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवशी. कंपनीची आणि जॅक्सनची सही त्यावर कधीच झाली नाही, आणि ‘आम्ही नेमलेच नव्हते’ हा कंपनीचा बचाव त्यावरच उभा होता.

तो बचाव पडला, आणि त्यात या ई-मेलचा वाटा मोठा. पण ई-मेलने पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नाबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्रश्न (नाशिक, परिचारिका): मरेने पोलिसांना सांगितले की प्रोपोफॉल फक्त २५ मिलिग्रॅम दिले. आमच्याकडे शस्त्रक्रियेला याच्या कितीतरी पट देतात आणि रुग्ण तासाभरात बोलतो. मग मृत्यू कसा झाला?

उत्तर: आलेल्या पत्रांतला हा सर्वांत नेमका प्रश्न. आधी हिशेब करू. शवविच्छेदनाच्या वेळी जॅक्सनचे वजन १३६ पौंड, म्हणजे सुमारे ६२ किलो होते. निरोगी प्रौढाला झोपवायला किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम प्रोपोफॉल लागते, म्हणजे ६२ किलोला १२४ ते १५५. २५ मिलिग्रॅम हा किलोमागे ०.४ पडतो. एकट्या तेवढ्याने पाच-दहा मिनिटांची गुंगी येईल आणि उतरेल.

तो डोस एकटा नव्हता, ही पहिली अडचण. मरेच्याच जबाबानुसार रात्री दीडला डायझेपामची १० मिलिग्रॅमची गोळी, दोनला लोराझेपाम २, तीनला मिडाझोलाम २, पाचला पुन्हा लोराझेपाम २, साडेसातला पुन्हा मिडाझोलाम २, आणि १०.४० ला लिडोकेनबरोबर प्रोपोफॉल. जागा बधिर करणारे लिडोकेन सोडले तर ही सगळी औषधे श्वासाचा वेग मंदावतात आणि एकमेकांचा परिणाम वाढवतात.

दुसरी अडचण अशी की जबाबातला आकडा रक्ताशी जुळत नाही. मांडीच्या शिरेतल्या रक्तात प्रोपोफॉल मिलिलिटरमागे २.६ मायक्रोग्रॅम निघाले. सरकार पक्षाचे तज्ज्ञ डॉ. स्टीव्हन शेफर यांनी कोर्टात गणिती आलेख मांडून सांगितले की दीड तासापूर्वीच्या २५ मिलिग्रॅममधून ही पातळी येऊच शकत नाही. १०० मिलिलिटरची बाटली सलाईनसारखी लावून ठेवली असेल तर येते. एक टक्क्याच्या त्या बाटलीत १,००० मिलिग्रॅम औषध असते. बचाव पक्षाचे डॉ. पॉल व्हाइट यांचे म्हणणे, मरे खोलीबाहेर असताना जॅक्सनने स्वतःच टोचून घेतले. ते खरे धरले तरी गुंगी आणणारी औषधे दिलेल्या रुग्णाच्या हाताशी भरलेली सिरिंज ठेवून बाहेर जाणे हाही निष्काळजीपणाच.

तिसरी अडचण आम्हाला सर्वांत मोठी वाटते. प्रोपोफॉल अर्ध्या-पाऊण मिनिटात चढते, श्वास थांबवू शकते, आणि त्याला उतारा नाही. मरेने फ्लुमाझेनिल ०.२ मिलिग्रॅम दिले असे तो म्हणाला. ते लोराझेपाम-मिडाझोलामवर चालते, प्रोपोफॉलवर नाही. म्हणून जिथे हे औषध देतात तिथे प्राणवायू, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, घसा साफ करायचे सक्शन, हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग, थेंब मोजून सोडणारा पंप, आणि नजर न हटवणारा माणूस लागतो. तुमचा रुग्ण तासाभरात बोलतो तो या जामानिम्यामुळे. त्या बेडरूममध्ये पंप नव्हता, कार्बन डायऑक्साइडचे यंत्र नव्हते, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला गजरच नव्हता. आकडा घसरला तरी कोणी पाहत असेल तरच कळणार. डॉक्टर तर त्या वेळात फोनवर बोलत होता, हे फोन कंपन्यांच्या नोंदींतून दिसले.

१२.२१ ला आपत्कालीन सेवेला फोन गेला, तोही घरातल्या सुरक्षारक्षकाने केला. पथक १२.२६ ला पोहोचले. त्यांना आणि इस्पितळातल्या डॉक्टरांना मरेने प्रोपोफॉलचे नाव सांगितले नाही. कसलीही लेखी नोंद ठेवलेली नव्हती. २.२६ ला मृत्यू घोषित झाला.

प्रश्न (पुणे): एवढे ढळढळीत असताना कुटुंबाने डॉक्टरवरच वैद्यकीय हलगर्जीपणाचा दावा का लावून धरला नाही? कंपनीच्या मागे लागल्यामुळे ‘पैशासाठी चालले आहे’ असे बोलायला लोकांना वाव मिळाला.

उत्तर: वडील जो जॅक्सन यांनी मरेवर दावा लावला होता, नंतर मागे घेतला. कारणे व्यवहारी आहेत. मरे कर्जात होता, लास व्हेगासमधले त्याचे घर जप्तीच्या वाटेवर होते. निकाल जिंकून वसुली कोणाकडून करणार?

शिवाय कॅलिफोर्नियात १९७५ पासून वैद्यकीय दाव्यांना एक मर्यादा आहे. दुःख, वियोग, मायेला मुकणे या न मोजता येणाऱ्या हानीसाठी त्या वेळी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलरच मिळत. २०२३ पासून मृत्यूच्या दाव्यांत ती ५,००,००० झाली आणि दरवर्षी ५०,००० ने वाढत १० लाखांपर्यंत जाणार आहे. बुडालेल्या कमाईला मर्यादा नाही, पण ती देणार कोण, हा प्रश्न उरतोच. कंपनीने निष्काळजीपणे नेमणूक केली, हा वैद्यकीय दावा नव्हे, त्यामुळे ही मर्यादा त्याला लागू होत नाही आणि समोर पैसे देऊ शकणारा पक्ष असतो. कोणताही वकील हाच सल्ला देईल. त्यावरून कुटुंबाचे दुःख खोटे ठरवणे हा चाहत्यांच्या एका गटाचा अन्याय आहे, हे इथे स्पष्ट लिहितो.

मुदतही कडक असते. डॉक्टरवरचा दावा इजा कळल्यापासून एक वर्षात किंवा इजेपासून तीन वर्षांत, यातले जे आधी येईल त्या आत लावावा लागतो, आणि ९० दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

प्रश्न (चिंचवड): चार वर्षांची शिक्षा आणि दोनच वर्षांत बाहेर? वशिला लागला का?

उत्तर: नाही. राज्यातले तुरुंग ओसंडून वाहत होते म्हणून २०११ मध्ये कायदा बदलून अशा कैद्यांना काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात ठेवायला सुरुवात झाली. तिथे वर्तन चांगले असेल तर दिवस निम्मे मोजले जातात. मरे २८ ऑक्टोबर २०१३ ला सुटला.

प्रश्न (पणजी): चाहता म्हणून आपल्याला कोर्टात काही स्थान आहे का? आमचे पण नुकसान झालेच ना.

उत्तर: अमेरिकेत नाही. मृत्यूचा दावा जोडीदार, मुले, काही परिस्थितीत आईवडील किंवा अवलंबून असलेले, एवढ्यांनाच लावता येतो. चाहत्याला कोर्टात बसून ऐकता येते, दाखल झालेले कागद वाचता येतात, एवढेच.

फ्रान्समध्ये मात्र अजब घडले. जॅक्सनच्या ३४ चाहत्यांनी ऑर्लियाँ शहराच्या कोर्टात मरेवर भावनिक हानीचा दावा लावला. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोर्टाने त्यांतल्या पाच जणांचा दावा मान्य केला : दोघे फ्रान्सचे, दोघे स्वित्झर्लंडचे, एक बेल्जियमचा. भरपाई प्रत्येकी एक युरो. बाकीचे का गळले हे पाहण्यासारखे आहे. या पाचांनी डॉक्टरांची प्रमाणपत्रे आणि साक्षीदारांचे जबाब देऊन आपला त्रास सिद्ध केला होता. फक्त ‘मी त्याचा चाहता, मी रडलो’ एवढ्याने तिथेही भागले नाही.

तो युरो मरेकडून वसूल करायचा त्यांचा विचार नव्हता. ‘हानी झालेली व्यक्ती’ असा शिक्का मिळाला की लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेलमधल्या, लोकांना बंद असलेल्या समाधीपर्यंत जाण्याची परवानगी मागता येईल, अशी त्यांना आशा होती. एकंदर चाहत्यांच्या मागण्यांत आम्हाला ही सर्वांत प्रामाणिक वाटली.

प्रश्न (न्यू जर्सीतील मराठी वाचक): क्रिस कॉर्नेलच्या डॉक्टरवरचा दावा तडजोडीने मिटला. म्हणजे डॉक्टरने कबुलीच दिली, असे आमच्या गटात सगळे धरून चालतात.

उत्तर: तडजोड म्हणजे कबुली नव्हे. साउंडगार्डनचा गायक कॉर्नेल १८ मे २०१७ ला डेट्रॉइटमध्ये गेला. वैद्यकीय तपासणीत ती आत्महत्या ठरली. नोव्हेंबर २०१८ मध्ये पत्नी आणि मुलांनी त्याच्या लॉस एंजेलिसच्या डॉक्टरवर दावा लावला. आरोप असा की सुमारे २० महिन्यांत लोराझेपामच्या ९४० हून अधिक मात्रा तपासणीविना लिहून दिल्या. महिन्याला सरासरी ४७ झाल्या. हा आकडा वादीच्या कागदातला आहे, कोर्टाने सिद्ध धरलेला नाही. चर्चेत हा फरक पहिल्या दिवशीच विरून जातो.

दाव्याची दुबळी कडी होती ‘कारण’ सिद्ध करणे. हलगर्जीपणाच्या दाव्यात चार गोष्टी लागतात : डॉक्टरचे कर्तव्य, त्याचा भंग, भंगामुळेच हानी, आणि हानीचे मोल. लोराझेपामच्या माहितीपत्रकात नैराश्याच्या रुग्णांबाबत इशारा आहे, तो वादीच्या बाजूने जातो. पण मृत्यूचे कारण औषधे नव्हती, असे तपासणी करणाऱ्या कार्यालयाने म्हटले होते. अशा वेळी दोन्ही पक्षांना ज्युरीची भीती वाटते. २०२१ मध्ये तडजोड झाली, अटी गोपनीय राहिल्या. मुले अल्पवयीन असली की तडजोडीला न्यायाधीशाची मंजुरी लागते, त्यामुळे अशा गोष्टी निदान एवढ्या तरी बाहेर येतात.

गायक प्रिन्सच्या बाबतीतही हेच. २०१६ मध्ये बनावट गोळ्यांतल्या फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाने तो गेला, आणि २०१८ मध्ये फौजदारी गुन्हा कोणावरही दाखल होणार नाही असे जाहीर झाले. प्रिन्ससाठीचे ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक दुसऱ्याच्या नावे लिहून दिल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरने अमेरिकेच्या केंद्र सरकारला ३०,००० डॉलर भरले; जबाबदारी मान्य केली नाही. ते औषध आणि जीव घेणारे फेंटानिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या.

प्रश्न (सोलापूर): आपल्याकडे एखाद्या कलावंताबाबत, किंवा घरातल्याच माणसाबाबत असे झाले तर नेमके काय करायचे?

उत्तर: मार्ग तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी चालू शकतात.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. रुग्ण किंवा वारसच जाऊ शकतात; चाहता नाही. मुदत दोन वर्षे, उशिराला सबळ कारण असेल तर माफी मागता येते. इस्पितळाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. बहुतेकांचे बिल जिल्ह्यातच बसते, मागणी कितीही मोठी असो. सर्वांना पूर्णपणे मोफत उपचार देणाऱ्या इस्पितळाविरुद्ध हा मार्ग चालत नाही. कमावत्याचे उत्पन्न कागदांनी सिद्ध झाले तर रक्कम मोठी होऊ शकते. कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी दिले. कलावंताच्या बाबतीत करारनामे, मानधनाच्या पावत्या आणि आयकर विवरणपत्रे नसली की दावा इथेच कोसळतो, कारण रोखीने घेतलेली बिदागी कोर्टाला दिसत नाही.

परवान्यावर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. तिथे पैसे मिळत नाहीत.

पोलिसांकडे जायचे तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) : उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने साधी चूक वगळली आहे. निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर हवा, आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र डॉक्टरचे, शक्यतो सरकारी, मत घ्यावे लागते. तक्रार देताच अटक होईल ही अपेक्षा धरू नका.

कोणत्याही मार्गाआधी कागद हातात घ्या. लेखी अर्ज द्या, त्यावर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्या. ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्जात नुसते ‘केस पेपर’ लिहू नका. भूल दिल्याची नोंद, परिचारिकांचा तासागणिक तक्ता, औषधे दिल्याची नोंद, संमतिपत्र, तपासण्यांचे अहवाल, मृत्यूचा सारांश, असे वेगवेगळे मागा. औषधांच्या तक्त्यात वेळा लिहिलेल्या आहेत का आणि भूल देणाऱ्याची सही आहे का, हे आधी पाहा. आणि शंका असेल तर शवविच्छेदनाची मागणी अंत्यसंस्काराआधीच पोलिसांकडे लेखी करा, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगा. नातेवाईक गर्दीच्या आणि घाईच्या दडपणाखाली इथे गप्प बसतात, आणि मग दोन वर्षे आयोगापुढे मृत्यूचे कारण सिद्ध करायला हातात काही नसते.